सी-व्ह्यू नको

“मॅडम, रूममधून समुद्र दिसला पाहिजे. बाकी थोडं कमी-जास्त चालेल,” समीर पुन्हा म्हणाला.

माझ्या स्क्रीनवर हॅवलॉक बेटावरचं एक रिसॉर्ट उघडं होतं. अंदमानातलं हे बेट. त्याचं सरकारी नाव आता स्वराज द्वीप आहे, पण गिऱ्हाइकं अजून हॅवलॉकच म्हणतात. टेकाडावरची कॉटेजेस, समोर काचेची भिंत आणि पलीकडे निळंशार पाणी. समीरला तेच हवं होतं.

देवासला माझं ट्रॅव्हल ऑफिस आहे. आमच्या धंद्यातले तीन शब्द लोकांना एकच वाटतात. सी-व्ह्यू म्हणजे खोलीतून समुद्र दिसतो, मग तो कितीही खाली असो. सी-फेसिंग म्हणजे खोलीचं तोंड समुद्राकडे. मध्ये झाडं आली तर पाणी दिसेलच असं नाही. बीचफ्रंट म्हणजे हॉटेलची हद्द वाळूला लागते. तुमची खोली मात्र मागे किचनला लागून असू शकते. फोटो तिन्हींचे सारखेच येतात.

समीर इंदूरला बँकेत आहे. आईवडील धारला. वडिलांना काचबिंदू झालेला.

“डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येणार नाही. आहे ती किती टिकेल तेही सांगता येत नाही. दिसतंय तोवर त्यांना समुद्र दाखवायचाय. पूरा समुद्र, एकदम,” हे सांगताना तो माझ्याकडे नाही, स्क्रीनकडे बघत होता.

“चालतात कसे ते?”

“चालतात. आम्ही धरतो ना.”

“बुक करण्याआधी मी एकदा त्यांच्याशी बोलू का?”

“त्यांना काय विचारायचं, मॅडम? ते कशालाही हो म्हणतात.”

मी रूम होल्डवर टाकली. होल्ड म्हणजे हॉटेलवाला थोडे दिवस ती खोली दुसऱ्याला देत नाही. रविवारी मला धारला नणंदेकडे जायचंच होतं. जाता जाता नानांकडे डोकावले.

नाना म्हणजे समीरचे वडील. हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. दार त्यांनीच उघडलं, आवाजाच्या दिशेनं हात जोडले आणि मला खुर्ची दाखवून स्वतः बरोबर आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. कुठे ठेच नाही, चाचपडणं नाही. काकू, म्हणजे समीरची आई, आतून म्हणाल्या, “चाय ठेवते हो.”

मी लॅपटॉपवर रिसॉर्टचा फोटो लावला. नाना अगदी जवळ आले. मान हळूहळू डावीकडून उजवीकडे नेली, मग जरा खाली, मग पुन्हा डावीकडे. ओळीमागून ओळ वाचावी तसा त्यांनी तो फोटो वाचला.

“हे निळं. हे पण निळं. बरं, पुढे?”

नाना हसले. “नळीतून पाहिल्यासारखं दिसतं मला. मधलं तेवढं दिसतं, कडेचं गेलं. खालचंही गेलं, म्हणून पायरी कळत नाही. इथे पायऱ्या आहेत का?”

“बऱ्याच आहेत.”

“मग मला धरून नेणार.” ते पुन्हा खुर्चीत टेकले. “मागे मांडूचा किल्ला दाखवायला नेलं होतं समीरनं. दोन्ही बाजूंनी दोघांनी धरलेलं. वर चढवलं, खाली उतरवलं. सोफा हलवतात ना, तसं. त्याचा जीव आहे माझ्यावर, मला कळतं ते. पण मांडू काही मला भेटलं नाही.”

“समीर म्हणाला, तुम्हाला समुद्र पाहायचाय.”

“तो सगळ्यांना तेच सांगतो. मी म्हटलं होतं, समुद्रात उभं राहायचंय. पोहायला मी इथल्या तलावात शिकलो. पुढे नर्मदेत पोहलो. नदीला समोरचा काठ असतो. जिथे समोर काठच नाही, अशा पाण्यात एकदा उभं राहावं वाटतं. तिथे मला आणि डोळसाला सारखंच दिसेल.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि पाण्यापर्यंत एकट्यानं जायचंय. कोणी न धरता. हे त्याला कसं सांगू? त्याला वाईट वाटेल.”

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. कप ठेवताना म्हणाल्या, “तूच सांग बाई समीरला. आमचं ऐकून घेत नाही तो.”

मी दुसऱ्या दिवशी फोन केला. समीर तापला.

“एकट्यानं? समुद्रात? काही झालं म्हणजे जबाबदारी कोणाची?”

“तुम्ही तिथेच असणार. फक्त जरा मागे. आणि लाइफगार्ड असतील त्याच वेळी जायचं.”

“मग सी-व्ह्यू?”

“त्यांना रुंद काही दिसतच नाही, समीर. मी फोटो दाखवून पाहिला.”

तो म्हणाला, “मला वाटलं होतं, निदान समुद्र तरी दिसेल.” राग गेला होता आवाजातला. “ठीक आहे. बघा तुम्ही.”

आता मला वेगळंच हॉटेल शोधायचं होतं. त्या बेटाच्या पूर्वेकडच्या पुष्कळ किनाऱ्यांवर ओहोटीला पाणी लांब जातं आणि पोवळ्याचे धारदार दगड उघडे पडतात. ती हॉटेलं बाद. पश्चिमेकडे वाळू मऊ आहे, पण तिथली हॉटेलं झाडांच्या आड. खोलीतून समुद्र दिसत नाही, म्हणून लोक नाकं मुरडतात. मी तिथेच फोन लावायला सुरुवात केली. तळमजला आहे का? खोलीच्या दारापासून पाण्यापर्यंत वळणं किती? वाटेत झाडांची मुळं आहेत? एकानं फोनच ठेवला. दुसऱ्यानं विचारलं, “मॅडम, आप होटल देख रही हैं या सड़क बना रही हैं?”

शेवटी एक मॅनेजर भेटला. तिथलाच बंगाली, गमतीदार माणूस. त्यानं व्हिडिओ कॉल लावला आणि कोपऱ्यातल्या खोलीपासून चालायला लागला. वाट सरळ होती, आधी दाबलेली माती, मग वाळू.

“आँख बंद करके चलके दिखाओगे, भिया?” मी विचारलं.

“क्या?”

मी नानांबद्दल सांगितलं. तो खरंच डोळे मिटून निघाला. स्क्रीनवर आकाश, झाडं, पुन्हा आकाश. मग धाड असा आवाज आणि एक बंगाली शिवी. आरामखुर्चीवर आदळला होता.

“ये हटा देंगे, मॅडम,” गुडघा चोळत तो म्हणाला. “आगे तो खाली समुंदर है. सुनाई भी देता है.”

मी तीच खोली घेतली.

पोचल्याच्या दुपारी काकूंचा फोन आला. “अगं, आम्हाला वरची मोठी खोली दिली आहे. गॅलरी आहे, समुद्र दिसतो. समीर खूश आहे. हे मात्र काही बोलत नाहीत.”

हॉटेलला फोन लावल्यावर प्रकार माझ्या लक्षात आला. मॅनेजर सुट्टीवर होता. डेस्कवरच्या मुलीनं म्हातारं जोडपं पाहून, चांगल्या भावनेनं, फुकट अपग्रेड केलं होतं. अपग्रेड म्हणजे त्याच पैशात वरच्या दर्जाची खोली. मी तिला म्हटलं,

“अपग्रेड वापस ले लीजिए, प्लीज.”

“मॅडम, अपग्रेड कोई मना करता है क्या?”

मी समजावलं. तिला पटेना. मग मॅनेजरला गाठलं, त्यानं घरून तिला सांगितलं. शेवटचा फोन समीरला. तो गॅलरीत उभा असावा, वारा ऐकू येत होता.

“इथून काय दिसतंय मॅडम, विचारू नका.”

“तुम्हाला दिसतंय.”

यावर तो हसला नाही. पण म्हणाला, “सामान खाली नेतो.”

पुढचं त्यानंच मला दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. सकाळी नाना काठी घेऊन दाराबाहेर पडले. समीर आणि काकू मागे, अंतर ठेवून. वाळू लागली तसे नाना डावीकडे सरकायला लागले. समीर हाक मारणार, तेवढ्यात काकूंनी त्याचं मनगट धरलं. नाना थांबले. कान दिला. स्वतःच उजवीकडे वळले आणि नीट चालत पाण्यात गेले. लाइफगार्डला आधीच सांगून ठेवलं होतं. तो लांबून बघत होता. पाणी गुडघ्यापर्यंत आल्यावर नाना काठी रोवून उभे राहिले. लाट आली की हलायचे, पुन्हा सावरायचे.

“किती वेळ, मॅडम! मी रडलो. त्यांना दिसणार नव्हतं, म्हणून बरं,” समीर म्हणाला. “परत आले तर आई म्हणाली, कसं वाटलं? म्हणाले, खारट आहे.”

मी हसले. तोही हसला. मुक्काम संपेपर्यंत नाना रोज एकटे पाण्यात गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी समीरला सोबत बोलावलं. हात मात्र धरू दिला नाही.

आता नानांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं. धारला गेले की भेटते. माझ्याकडे मात्र तेव्हापासून एक पद्धत पडली. बुकिंग करायला कोणीही येवो, जाणारे कोण आहेत ते विचारते आणि त्यांच्याशी फोनवर बोलते. काही लोकांना ते आवडत नाही. एकजण उठून समोरच्या एजंटकडे गेला. फोन वाढले, वेळ जातो. पण हॉटेलात पोचल्यावर खोली बदलून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं जवळजवळ संपली.