उलटा झटका

“अंगठा बाहेर!” इंजिनाच्या हँडलला कोणीही हात लावला की आमचा मिस्त्री ओरडायचा. हँडल मुठीत आवळायचं नाही, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनाने उलटा झटका दिला, तर हात सुटला पाहिजे.

असे मिस्त्री तुम्हीही नदीच्या घाटावर पाहिले असतील. अहेरीकडच्या घाटावर माझी नाव चालायची. तिचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन मी भांडून भंगाराच्या भावात आणलं होतं. मिस्त्री त्याला पेचकस टेकवायचा, पेचकसाची मूठ कानाला लावायचा. “पोट दुखून राह्यलं याचं,” म्हणत डिझेलच्या नळीतली हवा काढायचा.

थंडीत तो इंजिनावर गरम पाणी ओतायचा. मग दाबाचा खटका उघडा ठेवून हँडल नुसतंच फिरवत बसायचा; चांगला वेग आला की खटका पाडायचा, तेव्हा दाब धरून इंजिन पेटायचं. नाव माणसांनी भरलेली, आणि मी बोंबलतोय.

“मिस्त्री, लगन लावून राह्यले का त्याचं?”

“तेल चढू द्या न, भाऊ. तुमी उठल्या उठल्या धावता का?”

एका बाजाराच्या दिवशी माझं डोकं फिरलं. हँडलला वेग येण्याआधीच मी वाकून खटका पाडला. इंजिन उलटं फिरलं. मिस्त्रीचा अंगठा बाहेरच होता, हातही सुटला. पण हँडल गरकन येऊन मनगटावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज नावेतल्या सगळ्यांनी ऐकला.

काय झालं, लोकांनी विचारलं. तो म्हणाला, “माझाच हात सटकला.”

मनगट वाकडंच जुळलं. पान्हा धरता येईना. तरी रोज येऊन काठावर बसायचा. मी दुसरा मिस्त्री ठेवला आणि इंजिन काळा धूर ओकू लागलं. मी काठावर जाऊन जुन्या मिस्त्रीलाच हटकलं.

“धूर दिसत नाई का? बोला न काही!”

“त्याच्या कामात मी काऊन बोलू, भाऊ?”

“मंग मले एखादी शिवी तं द्या!”

“तुमाले घाई होती. बाजार होता.”

हीच माझी त्याच्यावरची तक्रार. मी जन्मभर भांडून उभा राहिलो. या माणसाने मला भांडूच दिलं नाही.

पुढे तो आरमोरीला मुलीकडे गेला आणि तिथेच वारला. मी घरच्यांना भेटायला गेलो. मुलीला खरं काय ते सांगायचं, हे ठरवूनच गेलो होतो. तिने चहा पुढे ठेवला.

“बाबा नेहमी सांगत, मालकानं उचलून दवाखान्यात नेलं म्हणून. तुमचे लय उपकार, भाऊ.”

“नेलं होतं,” मी म्हणालो. खटक्याचं न सांगता कपातला चहा संपवला.

तिने कपात आणखी चहा ओतला.