आत्याच्या घराण्याची खूण

फणसवाडीतल्या माझ्या आत्याइतका घराण्याचा अभिमान एखाद्या राजवाड्यातही कुणाला नसेल. वास्तविक आमच्या घराण्यात अभिमान धरावा असं काही नव्हतं, सगळे कारकून. म्हणून आत्याने तो नाकाकानांवर भागवला. बारशाला पाळण्याशी पहिली तीच पोचायची आणि बाळ वाटून टाकायची: नाक अण्णांचं, कपाळ आजोबांचं, सुनेच्या माहेरच्यांना फार तर जावळ मिळायचं. ठाकुरद्वारच्या बसस्टॉपवर तिने एकदा एका अनोळखी गृहस्थांना थांबवलं. "तुम्ही आमच्यातले. कान सांगतायत." गृहस्थ भावनगरचे निघाले. "असाल," आत्या म्हणाली, "पण कान आमचे."

या सगळ्यावर कडी म्हणजे डाग. दुधाच्या चहाच्या रंगाचे, अंगभर विखुरलेले डाग आजोबांना होते, आत्याला आहेत, मलाही आहेत. तिच्या दंडांवर मऊ गाठीसुद्धा आहेत. लहानपणी आम्ही त्या दाबायचो, तर म्हणायची, "डोक्यात न मावलेली अक्कल आहे ती, हळू दाब." माझ्या मुलीच्या, सईच्या पोटावर डाग दिसायला लागले तेव्हा, ती जन्मल्याची बर्फी वाटून झालेली असूनही, आत्याने डागांची वेगळी वाटली.

सई चार वर्षांची असताना खोकल्यासाठी तिला परळच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. आत्या सोबत होतीच. छाती तपासायला फ्रॉक वर केला आणि डॉक्टरबाई थांबल्या. त्यांनी काखेतले बारीक ठिपकेही पाहिले. "घरात आणखी कुणाला आहेत असे डाग?" हा प्रश्न आत्याला आयुष्यात प्रथमच कुणी आपणहून विचारला होता. तिने खुर्ची पुढे ओढली, आजोबांपासून सुरुवात केली, लहानपणीच एक डोळा गेलेला धाकटा काका सांगितला आणि शेवटी बाही वर करून गाठी दाखवल्या. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि न्यूरोफायब्रोमॅटोसिस हे नाव सांगितलं. आजार आनुवंशिक, त्वचेवर दिसतो, मज्जातंतूंवर गाठी आणतो. पुष्कळांचं आयुष्य सरळ जातं. पण सईचे डोळे दरवर्षी तपासायचे, कारण डोळ्यामागच्या नसेवर गाठ आली तर लवकर कळायला हवी. मलाही दाखवून घ्यायचं. "आजी, तुम्ही सांगितलंत म्हणून काम सोपं झालं," त्या म्हणाल्या. मला काकाचा डोळा आठवत होता. आत्याने वर केलेली बाही खाली ओढली.

यंदा सईचे डोळे व्यवस्थित निघाले. मी सईला घेऊन सांगायला गेलो तर आत्या जिन्यातच उभी होती. ऐकून तिने सईला जवळ घेतलं. शेजारीण कौतुकाने म्हणाली, "नात अगदी तुमच्यावर गेलीय हो."

"छे, माझ्यावर कशाला?" आत्या घाईने म्हणाली. "सगळी तिच्या आईवर गेलीय. सगळी."

सईचं नाक हुबेहूब आत्याचं आहे.