वाटे घाला

“वाटे तुमच्याकडे घालतात, मटणाचे. माझ्या शाळेत हा शब्द नको.”

दारातून सुपरवायझर बाई म्हणाल्या, नववीच्या अख्ख्या वर्गासमोर. ‘तुमच्याकडे’ म्हणजे कुठे, ते बहुतेक मुलांना कळलं नाही. मला कळलं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझं आडनाव ऐकून गाव विचारलं होतं. गावात घर कुठल्या बाजूला, तेही.

वाशीतली इंग्रजी शाळा. मी कॉम्प्युटर शिकवते, कंत्राटावर. पुढची बस किती मिनिटांत येईल ते सांगणारा प्रोग्रॅम करायचा होता. मुलं ढिम्म. डीकम्पोझिशनची, म्हणजे मोठ्या कामाचे छोटे भाग पाडण्याची, व्याख्या सगळ्यांना पाठ, पण करायचं काय ते एकालाही उमगत नव्हतं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, “एवढा ढीग कशाला बघत बसता? वाटे घाला.”

माझी आई सानपाड्याला स्टेशनबाहेर गोणपाटावर बसायची. मिरच्यांचा ढीग बघून गिऱ्हाईक पुढे निघून जातं, म्हणून ती मूठमूठ मिरच्यांचे वाटे घालायची. मी तेच सांगितलं. आत्ता किती वाजले, हा एक वाटा. बस कितीची, हा दुसरा. मधला वेळ, तिसरा. एकेक उचला. मागच्या बाकावरची, कधी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, “मॅडम, एवढंच हाय?” तिचा प्रोग्रॅम सगळ्यांत आधी चालला. मी खूश होते. तेवढ्यात दारातून ते वाक्य आलं.

“मुलांना सॉरी म्हणा,” बाई पुढे म्हणाल्या.

माझं कंत्राट त्यांच्याच सहीने वाढणार होतं. घर माझ्या पगारावर चालतं. मी सॉरी म्हणाले. घरी आईने विचारलं, चेहरा का उतरलाय. काय सांगणार? तिच्या जन्मभराच्या कामाबद्दल मी माफी मागून आले होते.

पुढच्या तासाला बाई वर्गात मागे येऊन बसल्या. मी नवा प्रोग्रॅम दिला. ती मुलगी उठली, “मॅडम, याचे पन वाटे...” म्हणाली आणि जीभ चावून खाली बसली.

“सॉरी मॅडम.”

पोरं हसली. ती मान वर करेना. ते सॉरी तिला मी शिकवलं होतं. माझी लाज मी तिच्या अंगावर टाकली होती. बाई मागेच बसल्या होत्या. तरी म्हणाले, “सॉरी म्हणू नकोस. मीही म्हणायला नको होतं. घाल वाटे.”

बाई उठून गेल्या. दुपारी ऑफिसातून निरोप आला, लेखी माफी द्या, मग कंत्राटाचं बघू. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. दाद मागायला जागा नाही, कंत्राटी बाईचं कोण ऐकतं? दुसरी नोकरीही हातात नाही. भीती वाटते, अजून वाटते.

पण लिहून देणार नाही. तोंडी दिलेली माफीही मी त्या वर्गासमोर परत घेतली आहे. काढायचं तर काढा.