देवाच्या गोणीवर बसलेला माणूस

येडू धनगराच्या हातून मेंढराचं काहीही वाया जात नसे. लोकरीचं घोंगडं, लेंड्यांचं खत, शिंगाची चाकूला मूठ, आणि जे उरेल त्याचं कालवण. सांगोल्याच्या दक्षिणेला, जिथे बाभळीसुद्धा जेमतेम सावली देतात, तिथे काटकसर हा सद्गुण नसून हवामानाचा भाग आहे. त्यामुळे येडूचं कुणी फार कौतुकही करत नसे.

कौतुक व्हायची वेळ आली ती १९३३ च्या दिवाळीत. गावच्या बिरोबाच्या पालखीवर पहिली लोकर उधळायचा मान पिढ्यान्पिढ्या हरिबाच्या घरात होता. हरिबा हा येडूच्या बायकोचा, फुलाबाईचा भाऊ. मागल्या जत्रेत हरिबाची गोणी वीतभर रिकामी निघाली आणि पंचांनी मान काढून त्याच्या मेव्हण्याला, येडूला दिला. गोणी ठासून भरलेली हवी आणि लोकर घरच्याच कळपाची हवी, हा नियम. दुसरा नियम त्याहून कडक: गोणीला भंडारा लागला की ती देवाची झाली. तिला पाय लागला, तिच्यावर कुणी टेकलं, तर ती लोकर देवाला चालत नाही आणि त्या घरचा मान कायमचा जातो.

येडूला दुसऱ्या नियमाची काळजी नव्हती. इतका वेडा माणूस कोण असणार? काळजी होती ती पहिल्याची. कातरणी उरकली, तरी गोणीच्या तोंडाशी जागा राहिली होती. नेमकी त्याच सुमारास कळपातली तीन-चार धडधाकट मेंढरं चरता चरता कोसळली. ना खोकला, ना हगवण. पोट ढोलासारखं फुगलेलं आणि नाकातून काळपट रक्त. येडूनं ती एकेक करून मानेवर घेऊन घरी आणली आणि कातर काढली.

"मेलेल्याची लोकर देवाला?" फुलाबाईनं विचारलं.

"मेंढरू मेलं म्हणून लोकर मेली व्हय? देव काय वास घेऊन बगतोय?"

गोणी ठासून भरली. येडूचा कालवणाचाही बेत होता, पण ते रक्त बघून फुलाबाईनं चूल पेटवायलाच नकार दिला. त्या नकारानं घर वाचलं, असं पुढे डॉक्टर म्हणाला. फुलाबाईच्या मते तिला नुसती किळस आली होती.

पोलीस पाटलानं वर्दी दिली होती. ढोरांचा डॉक्टर ईश्वरप्पा सायकलवरून येऊन पोचला तो ऐन जत्रेच्या दिवशी. हा अक्कलकोटचा. शांत असला की मराठी बोलायचा, भडकला की कानडी. ओढ्याकाठी वरवर पुरलेली मेंढरं त्यानं बघितली, रक्त बघितलं आणि म्हणाला, "फाशी. माणसालाही होतो हा रोग. याचे जंतू रक्तात, कातड्यात, लोकरीत राहतात. मातीत तर वर्षानुवर्षं. लोकर कुठाय?"

येडूनं देवळाकडे बघितलं. तिकडे ढोल सुरू झाले होते.

मग डॉक्टरची नजर येडूच्या मानेवर गेली. कोळशासारखी काळी खपली आणि भोवती सूज.

"हे काय?"

"गोमाशी चावली आसंल. दुकत न्हाय."

"दुखत नाही हीच तर याची खोड! काळपुळी आहे ही, माणसातली फाशी. मेंढरं मानेवर घेतली होती ना? मेंढरानं तुम्हाला दिली, आता तुम्ही गावाला वाटा!"

उधळलेली लोकर बायका वेचतात, तिचा दोरा वळून तान्ह्या लेकरांच्या गळ्यात बांधतात. फुलाबाई सकाळीच नातीला कडेवर घेऊन देवळात गेली होती. घरच्या मानाची लोकर, पहिला दोरा आपल्याच नातीच्या गळ्यात, हे ती गावभर सांगत गेली होती.

"डाक्टर, सायकल काडा!"

मागच्या कॅरिअरवर येडू आयुष्यात पहिल्यांदाच बसला. ओढ्याच्या उतारावर सायकल अशी सुटली की डॉक्टर थेट कानडीत गेला. उतार संपला, बाभळीचा काटा लागला, चाक बसलं. मग दोघे पळत सुटले, पुढे येडू, मागे बॅग छातीशी धरलेला डॉक्टर.

देवळापुढं मुंगी शिरायला जागा नव्हती. डॉक्टर "जंतू! जंतू!" असं ओरडत घुसला. ढोलांच्या गजरात लोकांना तो देवाचंच काही म्हणतोय असं वाटलं. कुणीतरी त्याच्या कपाळाला भंडारा फासला आणि "चांगभलं!" म्हणून ओरडलं.

गोणी पायरीवर होती. नव्या मानकऱ्याच्या गोणीची गाठ जुन्यानं सोडायची, म्हणून हरिबा तिच्यापाशी उभा होता.

"आलं व्हय दाजी? मला वाटलं, लाजला की काय! सोडू गाठ?"

"सोडू नगं! आजारी मेंढरांची लोकर हाय ती!"

"मान घेताना बरी हुती जणू मेंढरं?" हरिबा हसला. भोवतालचेही हसले. "दाजी, लोकर द्यायचं जिवावर आलंय म्हणा की!"

"हरिबा, तुज्या भनीची आण, हात लावू नगं!"

"माजी भन ती बगा, दोरा वळायला बसलीया."

फुलाबाई पुढच्याच रांगेत होती. नातीच्या गळ्यावरचा झबल्याचा बंद तिनं मोकळा करून ठेवला होता. पालखी वळली. शिंग वाजलं. हरिबानं गाठीला हात घातला. जंतूंविषयी बोलायला आता वेळ नव्हता, आणि ऐकायला कुणी नव्हतं. येडूनं उडी मारली आणि तो गोणीवर बसला. चांगली मांडी ठोकून.

ढोल थांबले.

"दाजी," हरिबाचा आवाज बारीक झाला, "उटा. देवाची गोणी हाय ती."

"आता न्हाय," येडू म्हणाला.

पंचांनी फार चर्चा केली नाही. गोणी बाद, मान परत हरिबाच्या घरी, कायमचा. हरिबानं देवळामागून आपली एक भरलेली गोणी आणवली. ती त्यानं आधीच का आणून ठेवली होती, हे कुणी विचारलं नाही. लोकर उधळली, चांगभलं झालं, नातीच्या गळ्यात हरिबाच्या मेंढरांचा दोरा पडला. फुलाबाई नवऱ्याकडे न बघता घरी गेली. येडू मैदान रिकामं होईस्तोवर गोणीवरून उठला नाही.

मग डॉक्टरनं रॉकेल ओतून गोणी जाळली. येडूला साबण लावून अंघोळ घातली आणि त्याचं धोतर, पटका, घोंगडं सगळंच त्या आगीत टाकलं. काहीही वाया न घालवणारा माणूस आपली वर्षभराची लोकर जळताना बघत लंगोटीवर उभा होता. "लंगोटी तरी ऱ्हाऊ द्या, साहेब," एवढंच तो म्हणाला.

सोलापूरच्या दवाखान्यात सुया टोचून तो वाचला. मानेवर रुपयाएवढा व्रण राहिला आणि गावात 'गोणीवाला' हे नाव. फाशीची गोष्ट तो भेटेल त्याला सांगे. लोक मान डोलवत आणि मागे म्हणत, कवडीचुंबक आहे, लोकर सोडवेना म्हणून बसला.

पुढच्या दिवाळीच्या तोंडावर सकाळी हरिबा दारात आला. जरा वेळ अंगणातच घुटमळला.

"दाजी, काल माजं एक मेंढरू पडलं. नाकातनं रगत हाय. गोणी वाईच रिकामी हाय माजी..."

"हात लावला का त्याला?"

"न्हाय अजून. इचारायला आलो."

येडूनं कुदळ खांद्यावर घेतली. "चुना घे बरुबर. आन् बोलव डाक्टरला."

"आन् गोणी?"

"ऱ्हाऊ दे वीतभर रिकामी. पंचांस्नी मी सांगतो."

"तुमचं कोण ऐकणार, दाजी?"

"मग मी पुन्यांदा बसतो," येडू म्हणाला आणि पुढे चालू लागला.