दादा शुभदाची गावफेरी

शुभदा उकिडवे मूळची कराडची, आणि भेटेल त्याला घरी बोलावणं हा तिचा माहेरचा स्वभाव. कराडला तो महागात पडायचा, कारण तिथे बोलावलेली माणसं खरंच यायची. लग्न होऊन ती स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात आली आणि तिला मोकळं रान मिळालं. इथे कुणालाही "या ना घरी" म्हटलं की समोरचा माणूस मोबाइलमधलं कॅलेंडर उघडून तीन महिन्यांनंतरची एक दुपार शोधायचा, आणि ती दुपार जवळ आली की त्याला सर्दी व्हायची. वर्षानुवर्षं शुभदा सढळ तोंडाने आमंत्रणं वाटत होती आणि घरात चार कप पुरत होते.

मागच्या शरद ऋतूतल्या सुट्टीत ती, नवरा उत्कर्ष आणि मुलगी अन्वी टांझानियाला गेले. सिंह बघायला म्हणून गेले होते. दुर्बिणीतून तासभर जो सिंह पाहिला तो दगड निघाला. शुभदाला आवडली ती म्टो वा म्बू नावाच्या गावातली पायी फेरी. एलिबारिकी नावाचा हसतमुख वाटाड्या त्यांना केळीच्या बागांतून, भाताच्या खाचरांतून हिंडवत होता. ठिकठिकाणच्या जमाती पाण्याच्या आशेने तिथे येऊन कशा राहिल्या, घराघरात भाषा कशी बदलते, हे तो सांगत होता. शुभदाने केळ्याची बिअर चाखली, लाकडाचा जिराफ कोरताना त्याचा कान मोडला, आणि बाकीच्या सगळ्यांनी मिळून विचारले नसतील इतके प्रश्न एकटीने विचारले. निघताना ती म्हणाली, "आता तुम्ही आमच्या गावी यायलाच पाहिजे. मी फिरवीन तुम्हाला." उत्कर्ष आभाळाकडे बघत राहिला.

जानेवारीत एलिबारिकीचा मेसेज आला. पर्यटनाच्या मेळ्यासाठी तो स्टुटगार्टला आला होता, शनिवार मोकळा होता, आणि ठरल्याप्रमाणे त्याला गावफेरी हवी होती.

त्सुफेनहाउझेनमधलं तिला काय माहीत होतं? स्टेशन, सुपरमार्केट, अन्वीची शाळा आणि कढीपत्ता मिळायचं दुकान. इथे बघण्यासारखं काय आहे, असं तिने अन्वीला विचारलं. अन्वीने मान वर न करता जर्मनमधून उत्तर दिलं, "निक्स, मामा." म्हणजे काहीच नाही, आई.

शनिवारी स्टेशनावर कुणाचा तरी मागून आणलेला ढगळ कोट घालून एलिबारिकी उतरला आणि लांबूनच त्याने हाक मारली, "दादा शुभदा." पाठोपाठ उत्कर्षला तो काका म्हणाला. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ, हे त्याने लगेच समजावून सांगितलं. पण आपल्याच वयाच्या माणसाने चारचौघांत काका म्हटल्यामुळे उत्कर्षचा हात नकळत विरळ होत चाललेल्या केसांकडे गेला. घरी काम आहे असं सांगून तो सटकला.

शुभदाने फेरी स्वतःच्या जिन्यापासून सुरू केली, कारण तेवढ्याचीच तिला खात्री होती. तळमजल्यावरच्या फ्राउ बॉयर्ले, सत्तरी ओलांडलेल्या एकट्या बाई, झाडू घेऊन उभ्याच होत्या. ज्याच्या दाराला पाटी लटकते त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, ही इथली केअरवोखेची रीत शुभदाने सांगितली. एलिबारिकी हरखला. त्याच्या गावी पाहुण्यांना धान्य कांडायला लावतात, तेव्हा इथे काहीतरी हाताने करून बघायला मिळावं अशी त्याची इच्छा होती. फ्राउ बॉयर्लेंनी झाडू पुढे केला. तो मन लावून झाडू लागला आणि त्या मागून कोपरे दाखवत चालल्या. झाडून झाल्यावर तो अदबीने म्हणाला, "थँक यू, मामा."

मामा म्हणजे थोरली, आईच्या जागी असलेली बाई. हे एक भाषांतर तिथे कुणाला करावं लागलं नाही. फ्राउ बॉयर्लेंना मूलबाळ नव्हतं. त्या आत गेल्या, त्याच्यासाठी ब्रेत्सेल, म्हणजे पिळाचा खारा पाव, घेऊन आल्या आणि स्वतःचाही कोट घालून निघाल्या. शुभदा पाहुण्याला खरं सांगेल याची आपल्याला शाश्वती नाही, एवढंच त्यांनी कारण दिलं.

ते कारण बरोबरच होतं. एका जुन्या दगडी इमारतीपुढे शुभदाने दडपून सांगितलं की इथे कोण्या सरदाराचा वाडा होता. फ्राउ बॉयर्ले म्हणाल्या की तिथे आरोग्य विम्याचं ऑफिस होतं आणि त्या स्वतः तिथे टायपिस्ट होत्या. शुभदाने "आल्झो", म्हणजे बरं तर, म्हणून पाऊल उचललं.

तोवर एलिबारिकीची वाटाड्याची सवय उफाळून आली होती. छत्री उंच धरून तो उलटा चालत होता. छत्री उंच धरणाऱ्या माणसामागे जर्मन माणूस आपोआप चालू लागतो. एक निवृत्त जोडपं येऊन मिळालं, मग एक कुत्रेवाली बाई आली, मग दोन माणसं, ज्यांना खरं तर पोस्टात जायचं होतं. सुपरमार्केटातल्या रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्रापुढे एलिबारिकीने सगळ्यांना अर्धवर्तुळात उभं केलं आणि हळू आवाजात सांगितलं की इथले लोक दर शनिवारी या यंत्राला बाटल्या अर्पण करतात, आणि बाटली पसंत नसेल तर ते ती परत ओकतं. निवृत्त गृहस्थ गंभीरपणे म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर."

पुढे एका क्रोएशियन माणसाच्या खानावळीत शुभदाने आपला हुकमी एक्का काढला. गव्हाची बिअर आणि केळ्याचा रस मिसळलेलं बनानेनवाइत्सन. आमच्याकडेही केळ्याची बिअर आहे, असं ती ऐटीत म्हणाली. एलिबारिकीने घोट घेतला, तोंडात फिरवला आणि केळं कुठल्या बागेतलं म्हणून मालकाला विचारलं. मालकाने रसाचा पुठ्ठ्याचा डबा दाखवला. एलिबारिकीने ग्लास खाली ठेवला आणि कुणाच्या तेराव्याला आल्यासारखा शांत बसून राहिला.

त्या शांततेतच निवृत्त बाईंनी विचारलं की स्थानिक कुटुंबात जेवण यात धरलेलं आहे का. "अर्थातच," एलिबारिकी बोलून गेला. इतक्या वर्षांच्या फेऱ्यांत हे उत्तर त्याच्या जिभेवर बसलेलं होतं. शुभदाने तोंड उघडेपर्यंत सगळे कोट घालून तयार होते.

घरात आता दुपारपर्यंत कुणी नाही, अशा समजुतीने उत्कर्ष डोक्याला तेल थापून, पंचा गुंडाळून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधोमध सोफ्यावर पसरला होता. दार उघडलं आणि बूट काढत एकामागून एक माणसं आत आली. एलिबारिकीने ओळख करून दिली की हा काका आहे, आणि या जमातीतले पुरुष शनिवारी डोक्याला तेल लावतात. कुत्रेवाल्या बाईंनी विचारलं, फोटो काढला तर चालेल का. उत्कर्षने एक वाळती चादर ओढून अंगाभोवती घेतली. फोटोत ती चादर फार भारदस्त दिसली.

इतक्या माणसांना पुरेल असा एकच पदार्थ शुभदाला सुचला. तिने भात लावला, बेसनाचा डबा काढला आणि पिठल्याला फोडणी दिली. एलिबारिकी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"दादा," तो म्हणाला, "मेळ्यात एकजण सांगत होता की काही लोक नुसतं म्हणण्यापुरतं बोलावतात. तुम्ही खरं बोलावलं होतंत ना?"

खोटं सांगणं सोपं होतं, सकाळपासून ती तेच करत होती.

"म्हणण्यापुरतंच होतं," ती म्हणाली. "तुमचा मेसेज आला तेव्हा मी घाबरले."

त्याने कढईत डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "मीही दर फेरीनंतर सगळ्यांना सांगतो, पुन्हा या, माझ्या घरी उतरा. मागच्या वर्षी एक डच कुटुंब बॅगा घेऊन दारात उभं राहिलं. मी केळीच्या बागेत लपलो होतो."

दोघं इतकी हसली की पिठलं तळाला थोडं लागलं. फ्राउ बॉयर्ले खिडकीजवळ बसून ते ब्रेत्सेलबरोबर खात होत्या. मीठ कमी आहे म्हणाल्या आणि पुन्हा वाढून घेतलं. एकाच जिन्यात इतकी वर्षं राहून त्या या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदा आल्या होत्या. बाहेरून परतलेल्या अन्वीने त्यांना भात कालवून दाखवला, जर्मनमधून.

पुढच्या महिन्यात एका शनिवारी बेल वाजली. खाली ते निवृत्त जोडपं गावफेरीसाठी चार मित्र घेऊन उभं होतं. पोस्टात जाणारे दोघेही होते. शुभदाने कोट चढवला आणि खाली आली, पण सुरुवात कुठून करायची ते तिला सुचेना. फ्राउ बॉयर्ले दार लावून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आज स्मशानभूमीपासून करू या, माझी सगळी माणसं तिथेच आहेत आणि त्यांनाही बरेच दिवसांत कुणी भेटायला गेलेलं नाही.