दोन मासे कोरलेलं गलबत

आमच्या ह्यांना, म्हणजे दौलत तांडेलांना, निवृत्त झाल्यावर गलबताचं वेड लागलं. त्यांच्या खापरपणजोबांचं गलबत. दीडशे वर्षांपूर्वी आमच्या कोपरीहून मीठ भरून निघालं आणि वादळात बुडालं, खापरपणजोबा तेवढे पोहत परत आले, एवढंच घरात सगळ्यांना पाठ होतं. तेव्हापासून नारळी पौर्णिमेला खाडीत पहिला नारळ टाकायचा मान आमच्या घराचा.

ते नक्की कुठे बुडालं हे शोधायचं ह्यांनी मनावर घेतलं. कल्याणच्या बंदरावरचे म्हातारे गाठले, डोंबिवलीच्या एका प्राध्यापकाचं डोकं खाल्लं, मुंबईला जाऊन जुनी वर्तमानपत्रं चाळली. सापडलं काहीच नाही. जे कळलं ते कळव्याच्या गुणाजीदादांकडून. त्यांचे खापरपणजोबा गलबतात अर्धे भागीदार होते. गलबत गेलं, ते घर धुळीला मिळालं आणि कोपरी सोडून खाडीपलीकडे गेलं. डोलकाठीच्या बुडाशी, लाकडावर दोन मासे कोरलेले होते म्हणे, तोंडाला तोंड लावून. एक आमच्या घराचा, एक त्यांच्या. हे ऐकून ह्यांचे डोळे भरून आले. गुणाजीदादा अजून दर नारळी पौर्णिमेला येतात आणि आमच्या मागे उभे राहून त्या गलबताच्या नावाने नारळ टाकतात.

यंदा आम्ही घर रंगवायला काढलं. माजघराच्या तुळईवर ऑइलपेंटची पुटंच्या पुटं होती, म्हणून रंगाऱ्याने ती खरवडायला घेतली. खालून आधी एक शेपटी निघाली. मग दोन मासे.

हे स्टुलावर चढले, माशांवरून बोट फिरवलं आणि खाली उतरून भिंतीला टेकून बसले. गलबत बुडालंच नव्हतं. कुठेतरी आडबाजूला ते मोडून खापरपणजोबांनी आमचं घर बांधलं होतं आणि भागीदाराला वादळाची गोष्ट सांगितली होती.

"काका, लांबी भरून हे बुजवू का?" रंगाऱ्याने विचारलं.

"भर. पौर्णिमेच्या आत रंग झाला पाहिजे."

माझं डोकंच फिरलं. "अहो, एवढी वर्षं ह्याच्यासाठी वणवण केलीत, आणि सापडलं तर बुजवता? लाज नाही वाटत?"

"लाज वाटते म्हणूनच ना, शेवंती!" ह्यांचा आवाज चिरकला. "त्या माणसासमोर दरवर्षी छाती काढून पहिला नारळ टाकलाय मी."

लग्न होऊन मी त्याच तुळईखाली आले होते, तिच्याच सावलीत माझी मुलं वाढली. मलाही मान वर करवेना. पण लांबी भरायच्या आत रंगाऱ्याला ह्यांनीच थांबवलं.

पौर्णिमेला गुणाजीदादा नारळ घेऊन आले. ह्यांनी हाताला धरून त्यांना माजघरात नेलं आणि वर बोट दाखवलं, म्हणाले, "दादा, आमच्या माणसाने तुम्हाला फसवलं."

गुणाजीदादांनी वर बघितलं. मला वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी काढली आणि तुळईला हात जोडले.

"यवरी वर्सं खारीन नारल टाकला रं आमी," ते म्हणाले. "गलबत तं तुज्या घरान व्हतं."

आणि हातातला नारळ त्यांनी तिथेच, आमच्या माजघराच्या उंबऱ्यावर फोडला.

बाहेर वाजंत्री येऊन उभी होती, ह्यांच्या नावाने हाका चालल्या होत्या. ह्यांनी सोनेरी कागद लावलेला आमचा मानाचा नारळ उचलला आणि दोन्ही हातांनी गुणाजीदादांपुढे धरला.

"नको," ते म्हणाले. "आता खारीन आमचं काय ऱ्हायलंय?"