पाय कुठं होता?

मिस्त्रीमामा दुसऱ्याच्या गाडीत कधी चपला घालून बसले नाहीत. गोंदियाच्या रिंग रोडवर टिनाच्या छपराखाली त्यांचं गॅरेज होतं. तपासायला आलेली गाडी साधी असो की भारी, चपला दाराशी काढायच्या आणि अनवाणी पाय पेडलवर ठेवायचा. मी लहानपणी विचारलं होतं, ‘‘मामा, गाडीत देव असते का?’’ ते म्हणाले, ‘‘देवाचं मले मालूम नाही पोरी. चपलेले काही समजत नाही, तळपायाले समजते.’’

दुसरी त्यांची सवय म्हणजे पहिला प्रश्न. लोक येऊन आवाज सांगत, धूर सांगत, आधीच्या मिस्त्रीला शिव्या देत. मामा सगळं ऐकून घेत आणि विचारत, ‘‘तवा पाय कुठं होता?’’ एकदा एक जीपवाला चिडला. ‘‘पाय गाडीतच होता, घरी ठेवून आलो नोहतो!’’ मामा शांतपणे म्हणाले, ‘‘घरी असता त वहिनीले विचारलं असतं. आता तूच सांग.’’

हा प्रश्न एक दिवस त्यांनी माझ्या बाबांना विचारला. ते मला नीट सांगता येईल की नाही, मला माहीत नाही.

बाबा केशोरीहून गोंदियाला आले ते एका राईस मिलमध्ये ड्रायव्हर म्हणून. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि बाबांचं स्टिअरिंग चालू होतं म्हणून माझं कॉलेज चालू होतं. मिलमालकाच्या मुलाने, छोट्या शेठनी, नागपूरहून एक जुनी लाल स्पोर्ट्‌स कार आणली. दोनच दारं, जमिनीला टेकल्यासारखी. ती पुसणं, रोज सुरू करून थोडी फिरवून आणणं बाबांकडे होतं. बाबा तिला ‘लाल बाई’ म्हणत. मला मात्र ती कधी आवडली नाही. उभी असतानाही ती कशाच्या तरी तयारीत आहे असं वाटे.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी ते गाडी फिरवून परत आणत होते. मिलच्या फाटकातून आत शिरताना त्यांनी एक्सिलेटरवरून पाय उचलला, आणि गाडी धावली. अंगणात उसना, म्हणजे उकडलेला, धान वाळत होता, दोन बाया पायाने तो हलवत होत्या. बाबांनी गाडी पोत्यांच्या थप्पीवर घातली. बाया हातभर अंतराने वाचल्या. छोटे शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘ब्रेक की जगह एक्सिलेटर दबा दिया. बुढ़ा गया है ये.’’ मोठ्या शेठनी एवढंच ठरवलं की मिस्त्री काय म्हणतो ते पाहू, तोपर्यंत बाबांनी कोणत्याच गाडीला हात लावायचा नाही.

गॅरेजवर मामांनी बाबांना गाडीत बसवलंच नाही. एका स्टुलावर बसवलं, पायाखाली वीट ठेवली आणि डोळे मिटायला लावले.

‘‘फाटक आलं. पाय कुठं होता भाऊ?’’

‘‘उचलला होता. ब्रेककडे नेऊन राहिलो होतो.’’

‘‘मंग गाडी तेवढ्याच वेगात राहिली, का वाढली?’’

बाबांनी डोळे मिटूनच विटेवरचा पाय उचलून पाहिला. ‘‘वाढली. कोणीतरी ओढल्यावानी.’’

मामांनी मान हलवली, पण त्यांचा चेहरा उतरला.

त्या दिवशी त्यांनी पायाखालची चटई पाहिली, पेडल पाहिलं, परत खेचणारी स्प्रिंग पाहिली. सगळं ठीक. ‘‘थंडी असली का गाय, तापली का वाघीण,’’ ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी भर उन्हात ते तिला तिरोड्याच्या रस्त्याला घेऊन निघाले. मी सोबत येऊ का विचारलं, तर म्हणाले, ‘‘दोघांचा जीव कायले?’’ चपला गॅरेजच्या दाराशी ठेवून ते गेले. मी आणि बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. गाडी दिसेनाशी झाली तरी आवाज येत होता. तो चढत गेला, आणखी चढला, आणि मग एकदम काहीच नाही. बाबांनी माझं मनगट धरलं. ते दुखत होतं.

मामा आले ते गाडी हळूहळू चालवत. एक्सिलेटर खरंच अडकला होता, त्यांनी लगेच चाबी बंद केली होती; इंजिन निवल्यावर तो सुटला. बॉनेट उघडून त्यांनी एक्सिलेटरची केबल तिच्या नळीतून बाहेर ओढली. तिच्यावर डिंकासारखा तपकिरी थर होता. त्यांनी बोट माझ्या नाकाशी धरलं. आमच्या बाबांच्या शर्टांना येतो तोच वास, मिलचा, कोंड्याचा.

‘‘तेल कोणी टाकलं?’’

‘‘मीच,’’ बाबा म्हणाले. ‘‘दर शनवारी.’’

मिलमध्ये कोंड्याच्या कच्च्या तेलाचा डबा असायचा. फाटकाच्या बिजागरीपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना तेच तेल. लाल बाईची केबल कोरडी राहू नये म्हणून बाबांनी तिलाही मायेने पाजलं होतं, आणि इंजिनाच्या तापाने ते आटून चिकट झालं होतं.

बाबा लगेच उठले. ‘‘मी शेठले सांगून येतो. गलती मायीच आहे.’’

‘‘बस खाली,’’ मामा म्हणाले. ‘‘केबल बदलतो मी. पण मले अजून दोन दिवस पायजेत. तेलानं केबल अडकते भाऊ, ओढत नाही. तू म्हणून राहिला, गाडी वाढली. मंग ओढलं कोणी?’’

मला ते कळलं. अडकलेली वस्तू जागीच राहते. ती वाढायला दुसरं बळ लागतं. हे मी वर्गात शिकले होते. मी बाबांना थांबवायला हवं होतं. पण दोन मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायची मला सवय नव्हती, आणि बाबांना खरं बोलायची फार घाई होती. ते गेले.

संध्याकाळी छोटे शेठ स्वतः गाडी न्यायला आले. नवी केबल बसली होती. मामांनी बॉनेटवर हात ठेवला. ‘‘दो दिन छोड़ दो, छोटे शेठ. एक बात अभी बाकी है.’’

‘‘बाकी क्या? ड्रायवर ने खुद कबूल किया है.’’

लाल गाडी गेली. बाबांची नोकरीही गेली. त्यानंतर रोज दुपारी त्या इंजिनाचा आवाज रस्त्यावरून आला की मामांचा पाना थांबायचा. आवाज दूर जाऊन विरला की ते पुन्हा कामाला लागायचे. आठवडाभर असं चाललं. मग एका दुपारी आवाज चढला आणि चढतच गेला. मामा उठले आणि अनवाणीच धावले.

छोटे शेठ रस्त्याकडेच्या धानाच्या बांधीत, शेतात, उलटलेल्या गाडीखालून जिवंत निघाले, पण पुढे कायम काठी घेऊन चालले. मामा चिखलात गुडघ्यावर बसून गाडीखाली पाहत होते. इंजिन ज्या रबरावर टेकतं ते एका बाजूने पार फाटलेलं होतं. जोर दिला की इंजिन त्या बाजूने उचललं जायचं आणि केबल स्वतःच ओढायचं; जितकी ओढ, तितका जोर. तिथून मामा आमच्या घरी आले, दारातच उभे राहिले.

‘‘भाऊ, तुया पाय बरोबर होता,’’ ते म्हणाले. ‘‘मायाच चुकला. त्या दिवशी मी भ्यालो, लवकर चाबी बंद केली. अजून दोन सेकंद थांबलो असतो त ओढ दिसली असती.’’

बाबांनी त्यांना पाणी दिलं. परत ये म्हणून शेठचा निरोप आला होता, पण बाबा मिलमध्ये परत गेले नाहीत. पण बदनामी आधीच पसरली होती; गावात दुसरं कोणी त्यांना स्टिअरिंग द्यायला तयार नव्हतं. एका सकाळी चहाच्या टपरीसमोर, चार ड्रायव्हरांदेखत, मामांनी आपल्या जीपची चाबी बाबांकडे फेकली. ‘‘चल, मले घरी सोड.’’ बाबा चाबी झेलून स्टिअरिंगवर बसले. मामा शेजारी बसले आणि सगळा रस्ता डोळे मिटून होते. दुसऱ्या दिवसापासून बाबांना काम मिळू लागलं.

मामा त्यानंतर तीनच वर्षं होते. मी आता एम.एस्सी. करते. प्रयोगाचं उत्तर फार लवकर जुळलं की मला भीती वाटते. मी वही मिटत नाही, आणखी दोन दिवस मागते. सर हसतात.

मामांना गॅरेजवरून मोक्षधामला नेलं ते त्यांच्याच जीपमधून, आणि चालवायला बाबा होते. लोक खोळंबले होते, कोणीतरी ‘‘चला, चला’’ म्हणत होतं. बाबा जीपच्या दाराशी थांबले. त्यांनी चपला काढून गॅरेजच्या उंबऱ्याजवळ नीट ठेवल्या, मग आत बसले आणि अनवाणी पाय हळूच पेडलवर ठेवला.